चौघांचा आवाज

पिंक फ्लॉइड माझ्या आयुष्यात आला तेव्हा तो फुटलेला होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुण्यात माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरून सुट्टीला घरी यायचा, तेव्हा त्याच्या बॅगेत धुवायच्या कपड्यांखाली कॅसेट असायच्या. त्यातली एक ९० मिनिटांची होती. एका बाजूला १९७३चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’, दुसऱ्या बाजूला १९७५चा ‘विश यू वेअर हिअर’. दोन्ही अल्बम ४५ मिनिटांत बसतात, टेप वाया जात नाही, म्हणून दादाच्या हॉस्टेलवर ही जोडी एकाच कॅसेटवर भरून घ्यायची पद्धतच होती. कार्डावर निळ्या बॉलपेनने लिहिलेली गाण्यांची नावं, बस्स. फोटो नाही, कोण काय वाजवतं ते नाही. पुढे मूळ कव्हरं पाहायला मिळाली तेव्हा त्यांवरही माणसं नव्हती: एकावर काचेचा लोलक, दुसऱ्यावर हस्तांदोलन करणारे दोन अनोळखी गृहस्थ, त्यातला एक पेटलेला. ज्यांचा आवाज मला तोंडपाठ होता त्यांचे चेहरे मला वर्षानुवर्षं माहीत नव्हते.

दादा माझा गुरू. मामांच्या घरी भीमसेनजींची ध्वनिमुद्रणं लागायची आणि डिसेंबरात सगळं घर सवाई गंधर्वला जायचं. तिथेच दुपारी, मामा ऑफिसात असताना, दादा टेपरेकॉर्डर माझ्यापुढे सरकवायचा आणि कान तयार करायचा. “हा मऊ आवाज गिल्मोरचा. हा आता जो चिरकला तो वॉटर्स. आणि मागे धुकं पसरल्यासारखं जे चाललंय ना, तो राइट. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, तू दे.” ड्रम्सवर निक मेसन. मेसन कधी घाईत नसायचा. ठोका पडायच्या आधी तो जणू क्षणभर विचार करायचा, आणि वॉटर्सचा बास त्याच्याबरोबर तितक्याच सावकाश चालायचा. मला रॉक संगीत म्हणजे वेग असं वाटत होतं. या चौघांनी मला थांबायला शिकवलं.

मग हळूहळू, मासिकांतून आणि दादाच्या मित्रांकडून, भांडण कळत गेलं. ‘द वॉल’च्या वेळी, १९७९मध्ये, रिचर्ड राइटला बँडमधून काढलं होतं. त्यानंतरच्या दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. तो दौरा तोट्यात गेला, त्यामुळे पैसे मिळाले ते एकट्या राइटला. १९८५मध्ये रॉजर वॉटर्स बाहेर पडला. नाव कुणाचं यावरून प्रकरण वकिलांकडे गेलं आणि १९८७च्या नाताळाच्या तोंडावर, टेम्स नदीवरच्या गिल्मोरच्या बोटीवर, सह्या होऊन मिटलं. नाव गिल्मोर आणि मेसनकडे राहिलं, ‘द वॉल’ वॉटर्सकडे. १९८९मध्ये वॉटर्सविना पिंक फ्लॉइड व्हेनिसच्या पाण्यावर तरंगत्या मंचावर वाजले. १९९०मध्ये वॉटर्सने बर्लिनची भिंत पडल्यावर तिथेच, पॉट्सडॅमर प्लाट्झला, आपली भिंत उभारून पाडली. घराची वाटणी व्हावी तशी गाण्यांची वाटणी झाली होती आणि आम्ही चाहते दोन ओसऱ्यांत विभागलो होतो. दादा वॉटर्सचा: शब्द त्याचे, राग त्याचा, बाकीचे साथीदार, असं त्याचं म्हणणं. मी गिल्मोरची. त्याची गिटार एका सुरावर जेवढी रेंगाळते तेवढं सांगायला इतरांना कडवी लागतात, असं मी त्याला ऐकवायचे. वाद खरा होता आणि त्यात आम्ही दोघंही जीव ओतायचो.

पण आम्ही दोघांनीही एक गोष्ट मनोमन धरून ठेवली होती: ते एकत्र येतील.

या बँडच्या मुळाशीच एक अनुपस्थित माणूस आहे. सिड बॅरेटने त्यांना सुरुवात करून दिली, सुरुवातीची गाणी बहुतेक त्याची, आणि १९६८मध्ये मन ढासळल्यावर तो बाजूला पडला. पुढे ५ जून १९७५ला, त्याच्यावरच रचलेल्या गाण्याचं काम ॲबी रोड स्टुडिओत चालू असताना, एक जाडजूड, डोक्याच्या आणि भुवयांच्या केसांवर वस्तरा फिरवलेला माणूस आत येऊन उभा राहिला. बराच वेळ त्याच्या जुन्या मित्रांनी त्याला ओळखलं नाही. तो सिड होता. ही हकिकत समजल्यापासून कॅसेटची ‘विश यू वेअर हिअर’ची बाजू मी कामं करता करता लावू शकले नाही. ती बसूनच ऐकायची.

२००५च्या जूनमध्ये बातमी आली. बॉब गेल्डॉफ, ज्याने १९८२च्या ‘द वॉल’ चित्रपटात पिंकची भूमिका केली होती, तो जी-८ देशांच्या बैठकीच्या तोंडावर ‘लाइव्ह ८’ नावाचे कार्यक्रम भरवत होता. त्याने गिल्मोरला गळ घातली आणि गिल्मोर नाही म्हणाला. मग मेसनमार्फत गोष्ट वॉटर्सपर्यंत पोचली, आणि वॉटर्सने स्वतः गिल्मोरला फोन केला. तो फोन मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. इतक्या वर्षांच्या कडवटपणानंतर नंबर फिरवायचा, आणि पलीकडून काय येईल ते ऐकायची तयारी ठेवायची.

मी तेव्हा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत होते. २ जुलै, शनिवार. लंडनच्या हाइड पार्कात रात्रीचे अकरा वाजत होते, माझ्याकडे संध्याकाळचे सहा, पुण्यात रविवारची पहाट उजाडायची होती. कॉलिंग कार्डावरून दादाला उठवलं आणि रिसीव्हर टीव्हीच्या स्पीकरला लावला. आधी ‘डार्क साइड’मधली ती हृदयाची धडधड आली, आणि पडद्यावर साठीच्या आसपासचे चार गृहस्थ दिसले. १९८१नंतर हे चौघे एका मंचावर आले नव्हते. वॉटर्सचा चेहरा फुलला होता, दुसऱ्याची ओळ चालू असतानाही तो ओठ हलवत होता. गिल्मोर गंभीर, नजर गिटारवर. राइट नेहमीसारखा कडेला. तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला वॉटर्स बोलला: इतक्या वर्षांनी या तिघांसोबत उभं राहताना भरून येतंय, आणि हे जे इथे नाहीत त्यांच्यासाठी, विशेषतः सिडसाठी. मी रिसीव्हर कानाला लावला. दादा काही बोलत नव्हता.

शेवटच्या गाण्यात, ‘कम्फर्टेबली नम’मध्ये, गिल्मोरचा दुसरा सोलो सुरू झाला, आणि वाहिनीने मध्येच आपले निवेदक दाखवले. ते हसत हसत गप्पा मारत होते. “काय झालं गं? कोण बोलतंय?” दादा ओरडला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी अमेरिकेभर चाहत्यांचा संताप उसळला, आणि तो इतका टिकला की आठवड्याभरात वाहिनीला ती गाणी जाहिरातींविना, अखंड दाखवावी लागली. त्या संतापाला मी वेडेपणा म्हणू देणार नाही. माणसांनी त्या सोलोची २४ वर्षं वाट पाहिली होती.

अखंड पाहिलं तेव्हा मला माझं आणि दादाचं भांडण निरर्थक वाटलं. बोटं पूर्वीइतकी चपळ नव्हती, वॉटर्सचा आवाज खरवडलेला होता. तरी पहिल्या काही ठोक्यांतच ते कळलं. वॉटर्सच्या दौऱ्यांत गिल्मोरची जागा भरून काढायला उत्तम गिटारवादक होते, गिल्मोरच्या पिंक फ्लॉइडमध्ये बास वाजवणारे तयारीचे होते. स्वर बरोबर यायचे. यायची नाही ती मेसनच्या ठोक्याआधीची आणि वॉटर्सच्या बासनंतरची एवढीशी फट, जिच्यात राइट आपला सूर ठेवायचा. तो आवाज चौघांपैकी कुणा एकाचा नव्हता, म्हणून कुणालाच तो सोबत घेऊन जाता आला नव्हता. पार्कातल्या त्या अफाट गर्दीत पुढे उभी असलेली मोठमोठी माणसं रडत होती, आणि मला ते रडणं पूर्ण कळतं. गाणी तर त्यांच्या घरी होतीच. हा आवाज नव्हता.

गाणी संपल्यावर गिल्मोर निघाला होता. वॉटर्सने त्याला हात करून परत बोलावलं आणि चौघे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून दौऱ्याच्या मागण्या सुरू झाल्या, प्रचंड रकमा देऊ केल्या गेल्या. गिल्मोरने नकार दिला. त्या आठवड्यात जुने अल्बम धडाधड खपले, तेव्हा तो नफा दान करण्याचंही त्याने जाहीर केलं. पुष्कळ चाहते त्याच्यावर रागावले, दादा तर फारच. मला नकार योग्य वाटला, आजही वाटतो. ते चौघे वीसेक मिनिटं एकमेकांना सांभाळून घेऊ शकले, कारण ती वीसच मिनिटं होती. दीडशे शहरांत तेच करायला लावलं असतं तर तिसऱ्या शहरात पुन्हा वकील आले असते.

जुलै २००६मध्ये सिड गेला. फेब्रुवारी २००७मध्ये वॉटर्स मुंबईत आला, दादा बीकेसीच्या मैदानावर जाऊन ‘डार्क साइड’ पूर्ण ऐकून आला आणि फोनवर तासभर बोलला. सप्टेंबर २००८मध्ये रिचर्ड राइट कॅन्सरने गेला, आणि चौघांचा प्रश्न तिथे संपला. मे २०११मध्ये लंडनच्या ओ-टू सभागृहात वॉटर्सच्या ‘द वॉल’मध्ये भिंतीच्या माथ्यावर अचानक गिल्मोर दिसला, शेवटी मेसनही आला. लोक अक्षरशः किंचाळले. मीही त्याचं चित्रीकरण पाहताना उठून उभी राहिले, पण कान त्या फटीकडे होता आणि तिथे राइट नव्हता. आता गिल्मोर आणि वॉटर्सचं पुन्हा फाटलं आहे, जाहीरपणे. २०२४मध्ये त्यांची ध्वनिमुद्रणं सोनीला विकली गेली, तीही वर्षानुवर्षांच्या आपसांतल्या ओढाताणीनंतर.

तरी कुठलीही बातमी आली की दादा मला ती पाठवतो आणि खाली लिहितो, “बघ, अजून येतील.” मी त्याला दर वेळी राइटची आठवण करून देते. तो म्हणतो, शब्द वॉटर्सचे आहेत, बाकी कुणीही चालेल. या दिवाळीत मी पुण्याला जाणार आहे. तेव्हा त्याला चांगल्या स्पीकरवर हाइड पार्कची फक्त पहिली तीन मिनिटं ऐकवायची आहेत, आणि त्याने मला लहानपणी सांगितलं होतं तेच त्याला सांगायचं आहे: मागे जे चाललंय ना, त्याच्याकडे लक्ष दे.