मुंगूस, मुंगसाला

कसाल

चि. बाय,

इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द मराठी 'मुंगूस'वरून गेलेला आहे, तिकडून इकडे आलेला नाही. परवा फोनवर तुझ्या लेकीने आजीला "मुंगूस नाही गो, मंगूस" असे सुधारले आणि तू हसून सोडून दिलेस, म्हणून हे सगळ्यांत आधी लिहिले.

शब्द गेला तो पश्चिम किनाऱ्यावरूनच. गोव्यात १५१० पासून पोर्तुगीज होते आणि इथली झाडे-जनावरे युरोपला पुष्कळदा त्यांच्याच तोंडून कळली. पोर्तुगीजांनी मुंगसाचा 'मांगुस्तू' केला, फ्रेंचांनी 'मांगुस्त'. इंग्रजीतला जुना दाखला जॉन फ्रायर याचा. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला, मुंबई, सुरत, जुन्नर, कारवार हिंडला आणि १६९८ मध्ये त्याचे प्रवासवर्णन छापून निघाले. शब्दाचे स्पेलिंग तेव्हा ज्याला जसे ऐकू येई तसे. पुढे शेवटच्या 'गूस'मध्ये इंग्रजांना आपला ओळखीचा 'गूस' पक्षी ऐकू आला आणि स्पेलिंग त्याच्यासारखे झाले. अनेकवचन मात्र त्या पक्ष्यासारखे 'गीस' होत नाही, 'मंगूसेस' होते. परका शब्द तिथे लगेच ओळखू येतो.

अर्थही वाटेत पसरला. कसालला मुंगूस म्हणजे काजूच्या बागेत गडग्याच्या भोकातून निघून शेपटी जमिनीसरशी ठेवून पळणारे एकच जनावर. इंग्रजीत हेच नाव आशिया-आफ्रिकेतल्या तीसहून अधिक जातींच्या अख्ख्या कुळाला लागते. मादागास्करच्या एका लेमरलाही ते चिकटले आहे, आणि लेमर तर माकडांच्या नात्यातला!

मराठीचा हा शब्द संस्कृतातून आलेला नाही. संस्कृत 'नकुल'पासून हिंदीत 'नेवला' झाला. मराठीचे 'मुंगूस' तेलुगू 'मुंगिस', कन्नड 'मुंगुसि' यांच्या पंगतीत बसते. म्हणजे तो दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडचा असावा, पण मराठीत किती मुरला आहे ते विभक्तीत दिसते. माणूस–माणसाला, कापूस–कापसाला, पाऊस–पावसाला, तसेच मुंगूस–मुंगसाला. प्रत्यय लागला की मधला दीर्घ 'ऊ' गळतो, 'पाऊस'मध्ये त्याचा 'व' होतो. हा नियम कुणी पाठ करत नाही. चार वर्षांचे पोर अंगणात ऐकून बरोबर बोलते, तूही बोलत होतीस. पणसाखाली एका दुपारी तू मुंगसाला शपथ घातली होतीस ते आठव. मुंगसाला रामाची शपथ घातली की ते वळून तोंड दाखवते, हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असे. तू तर ते वळेपर्यंत जेवायला उठली नव्हतीस.

त्याच फोनवर लेक "मंगूसला"ही म्हणाली, आणि काळजी आहे ती या 'ला'ची. एखादा शब्द बदलला तर मराठीचे फारसे बिघडत नाही. टेबल, बस, डॉक्टर आले आणि इथलेच झाले. पण घरच्या शब्दाला परक्यासारखा नुसता 'ला' चिकटवला की आतली मोड नाहीशी होते. आज 'मंगूसला' म्हटले, उद्या 'पाऊसला', 'माणूसला' म्हणेल. शहरातल्या मराठी मुलांच्या तोंडी तसे ऐकू येऊ लागलेही आहे, आणि तुझ्या घरात कुणी टोकत नाही. आईनेच टोकले नाही तर कोण टोकणार, बाय? शाळा टोकणार नाही. चित्रांच्या पुस्तकात चित्राखाली फक्त मूळ शब्द येतो, 'मुंगसाला' कुठेच येत नाही.

मे महिन्यात तिला पंधरा दिवस इथे ठेव. मालवणच्या फाट्यापर्यंत न्यायला मामी येईल. विहिरीमागच्या गडग्यात यंदा मुंगसांची जोडी आहे, सकाळी दहाच्या सुमारास पिल्ले घेऊन बाहेर पडते. आजी कुणाला काही सांगणार नाही, फक्त तिच्याशी बोलेल.

मामाचे आशीर्वाद