चाचणी सांगते तेवढंच

तामिळनाडूतल्या आवडी शहराच्या दमट हवेत निर्जल झिंक क्लोराइड फार काळ निर्जल राहत नाही. बाटलीचं झाकण सैल राहिलं की पांढरे खडे पाझरू लागतात. म्हणून अल्कोहोलचा प्रकार ओळखण्याच्या ल्युकास चाचणीच्या दिवशी मी ते आधी बशीत तापवून, वितळवून घेते आणि मगच संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवते. पुस्तकात या तयारीला अर्धी ओळ मिळते. इथे अख्खं प्रात्यक्षिक तिच्यावर अवलंबून असतं.

मग मुलांनी नुसतं बघायचं. तृतीयक ब्यूटिल अल्कोहोल पडताच नळी गढूळते. द्वितीयकाला पाचेक मिनिटं लागतात. प्राथमिक तसंच स्वच्छ राहतं. हायड्रॉक्सिल गट निघून गेला की कार्बनवर धनभार उरतो, आणि शेजारी तीन कार्बन असतील तर तो भार पेलणं सोपं जातं. तयार झालेलं क्लोराइड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे गढूळपणा दिसतो. मे महिन्यात इथलं ‘खोलीचं तापमान’ पुस्तकातलं नसतं. द्वितीयक तेव्हा घाई करतं, हे मी आधीच सांगून ठेवते.

यानंतर मी फळ्यावर अ‍ॅलिल अल्कोहोल काढते. ते विषारी आणि डोळ्यांना झोंबणारं, त्यामुळे मुलांच्या हाती देत नाही. आहे प्राथमिक, पण ल्युकासमध्ये ते चटकन गढूळतं, कारण शेजारचा द्विबंध धनभार वाटून घेतो. अल्कीन आणि अल्कोहोल हे दोन धडे मला या एका रेणूत सगळ्यांत छान भेटतात. आणि ‘लगेच गढूळ म्हणजे तृतीयक’ हा पाठ केलेला नियम तिथेच मोडतो.

बेयरच्या चाचणीचंही तेच. थंड, विरल, अल्कधर्मी परमँगनेटचा जांभळा रंग जातो, तपकिरी मँगनीज डायऑक्साइड उरतो, आणि मुलं आनंदानं ‘द्विबंध’ लिहून मोकळी होतात. पण अल्डिहाइडही तो रंग घालवतं. माझ्या वर्गातल्या पुष्कळांचे आईवडील इथल्या अवजड वाहन कारखान्यात आहेत, विजयंता आणि अर्जुन रणगाडे बांधले गेले तो कारखाना. त्या मुलांना गेजचं उदाहरण पटकन कळतं: भोक मापात आहे एवढं गेज सांगतं, पोलाद कसलं आहे ते सांगत नाही.

जून २०२४ मध्ये याच राज्यात, कळ्ळकुरिचीत, मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं ६० हून अधिक माणसं मेली. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत १०० हून अधिक गेली होती. कळ्ळकुरिचीच्या आठवड्यात वर्गात प्रश्न आला: मिस, आयोडोफॉर्म चाचणीनं कळलं नसतं का?

प्रश्न चांगला होता, म्हणून तासभर त्यावरच थांबले. इथेनॉल आयोडोफॉर्मचा पिवळा साका देतं, मिथेनॉल देत नाही. पण दारूत दोन्ही असतील तर साका येणारच. तो साका इथेनॉल आहे म्हणतो. मिथेनॉल नाही असं तो कधीच म्हणत नाही. दोन्ही द्रव पाण्यासारखे स्वच्छ, वासावरून भरवसा नाही, रेणूंत फरक एका कार्बनचा. यकृतात मिथेनॉलचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं, आणि दृष्टिचेता जळते. हे रूपांतर सुरू करणारं विकर इथेनॉलवर आधी काम करतं, म्हणून विषबाधेत डॉक्टर फोमेपिझोल किंवा इथेनॉल देऊन ते अडवून धरतात.

तेव्हापासून माझ्या वर्गाच्या प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान यांच्या पुढे आणखी एक रकाना आहे: यातून काय कळलं नाही. तो रिकामा आला तर मी वही परत देते. गुणांच्या दृष्टीनं त्याला काही किंमत नाही, तरी हट्ट सोडत नाही.

मिथेनॉल पकडायचं तर त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड करून क्रोमोट्रॉपिक आम्लाचा जांभळा रंग बघतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ वापरतात. शाळेत ते यंत्र कुठून असणार? मी आलेख फळ्यावर काढते, दोन वेगळी शिखरं, आणि पहिलं कुणाचं असेल ते मुलांना उत्कलनबिंदूंवरून ठरवायला लावते: मिथेनॉल ६४.७ अंश, इथेनॉल ७८.