तेव्हा इथं काहीच नव्हतं

घरी पाहुणे आले की बाबांचं एक वाक्य ठरलेलं असतं. 'आम्ही आलो ना, तेव्हा इथं काहीच नव्हतं.' २००३ साली घाटकोपरची चाळीतली खोली विकून त्यांनी खारघरला वन बीएचके घेतला. मी सात वर्षांचा होतो. स्टेशनवरून रिक्षा मिळायची नाही, रात्री कोल्हे ओरडायचे, पावसाळ्यात गॅलरीतून डोंगरावरचे धबधबे दिसायचे. आता गॅलरीतून समोरच्यांचा टीव्ही दिसतो. मीही हेच वाक्य कॉलेजात, ऑफिसात कितीतरी वेळा फेकलंय.

गेल्या वर्षी मी स्वतःसाठी फ्लॅट बघायला लागलो. एका बिल्डिंगपाशी ब्रोकर म्हणाला, 'साडेबारा टक्क्यातला प्लॉट आहे, म्हणून बजेटमध्ये बसतोय.' हा शब्द लहानपणापासून कानावर होता. पण कशाचे साडेबारा टक्के, हे कधी विचारलंच नव्हतं. वीस वर्षांचं कर्ज काढायचं तर निदान एवढं तरी माहीत हवं, म्हणून बेलपाड्याच्या शाळेतल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, 'घरी ये. आजी सांगेल.'

गोष्ट अशी आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवायची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे योजना आली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची. म्हणजे एकर गेला तर पाच गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी काही भाग कापला जातो. बांधायला पैसे नसले की शेतकरी बिल्डरला गाठतो. जमीन याची, पैसा त्याचा, फ्लॅट वाटून. अशाच एका वाटणीतला फ्लॅट मी बघून आलो होतो.

आजीसमोर चहा पिताना सवयीने माझ्या तोंडून तेच वाक्य गेलं.

'काय नव्हता कसा?' आजी म्हणाली. 'आमचा भात व्हता ना, बाला.'

मग ती बराच वेळ बोलत राहिली. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध, भरती-ओहोटी बघून उघडायची-लावायची उघाडी, चिखलातल्या निवट्या, तळ्यातला जिताडा. बांध फुटला की रात्री अख्खा गाव माती टाकायला धावायचा. मी ऑफिसात सर्व्हर कोसळला की रात्री जागतो. पण माझ्या त्या जागरणावर कुणाचं वर्षाचं धान्य अवलंबून नसतं.

निघताना मित्राने गल्लीतली घरं दाखवली. गावठाणाची हद्द आहे तेवढीच राहिली, कुटुंबं वाढली, मुलांनी हद्दीबाहेर घरं बांधली. त्यांना 'गरजेपोटीची घरं' म्हणतात. कागदोपत्री बरीच वर्षं ती अनधिकृत ठरत आली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या गल्ल्यांबद्दल जे लिहिलं जातं, ते त्याला दाखवायची माझी हिंमत झाली नाही. जून २०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून सिडको भवनावर मोर्चा निघाला, तेव्हा तो त्यात होता. मी त्या दिवशी घरून काम करत होतो आणि रस्ते बंद म्हणून ग्रुपवर वैतागत होतो.

फ्लॅट मी घेतला. न घेऊन कुणाचं शेत परत येणार नव्हतं, आणि मलाही घर हवंच होतं. करारनाम्यात सेक्टर आणि प्लॉट नंबर आहे. त्या जागेला आधी काय म्हणत, हे मी आजीला विचारलं. तिला सांगता येईना. तिला सेक्टर कळत नाहीत, आणि ज्यांच्यावरून ती जागा ओळखायची ते बांध उरले नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेट्रो सुरू झाली, तिच्या स्टेशनांवर बेलपाडा, पेठपाडा, पेंधर ही नावं तेवढी टिकलीत. शेतांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

वास्तुशांतीला आलेल्या काकांना बाबांनी सुरुवात केली, 'तेव्हा इथं काहीच...'

'भातशेती होती, बाबा,' मी म्हणालो.

बाबा थांबले. जरा वेळाने म्हणाले, 'होती खरी. बुकिंगला आलो, तेव्हा बांधावरूनच चालत आलो होतो.'