भेगांवरच्या डॉक्टर

"तुमच्या वन्सं भेगांवर डॉक्टर होतायत ना? माझ्या टाचांसाठी एखादं मलम विचारा बाई!" शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या आणि मला हसू आवरेना. त्यांचा तरी काय दोष? आमच्या धाकट्या वन्सं पीएच.डी. करतात, विषय विचारला तर घरातले कुणीही 'भेगा' एवढेच सांगते. पाण्यात बारीक कण कालवून त्याचा थर दिला, की वाळताना तो का तडकतो, हा तो विषय. रंग, चिनी मातीच्या भांड्यांवरची झिलई, बॅटरीतले थर, सगळीकडे ही भेग नुकसान करते म्हणे.

श्रावणात वन्सं आठ दिवस घरी आल्या त्या तोंड उतरवूनच. चौथे वर्ष सुरू, प्रयोग फसलेले. "वहिनी, पुरे झालं आता," म्हणाल्या. नेमके तेव्हाच एक स्थळ सांगून आले. मुलगा परदेशी, लग्न दिवाळीआधी हवे. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठले. "तुझं ऐकते ती. समजाव जरा. चिखल वाळला की फाटायचाच, त्यात शोधायचं काय?"

खरे सांगते, मला ते पटलेही होते. मी स्वतः एम.ए.चे पहिले वर्ष करून बोहल्यावर चढले. पुस्तके अजून माहेरी माळ्यावर आहेत. काय अडले माझे? (हे मी अधूनमधून स्वतःला विचारते.)

त्याच आठवड्यात आमच्या शाळेत मुलांनी शाडूचे गणपती केले. लवकर वाळावेत म्हणून मी शहाणीने ते रात्रभर पंख्याखाली ठेवले. सकाळी पाहते तर कुणाचा कान सुटलेला, कुणाच्या पोटावर ही मोठी भेग! एक मूर्ती घरी आणली आणि वन्संपुढे ठेवली. समजावायला बसले होते मी, पण समजावले त्यांनीच.

वरची कातडी आधी वाळते आणि आकसू लागते. आतली माती ओलीच, ती आकसू देत नाही. ताण कुठे जाणार? म्हणून ओले फडके झाकून सावलीत, सावकाश वाळवायचे. मग उठून त्यांनी माझी मुलतानी माती कालवली, एका ताटलीत पातळ थर दिला, दुसरीत जाड. पाणी आटत आले, की कणांमधले उरलेसुरले पाणी त्यांना एकमेकांकडे ओढते; पण थर तळाला चिकटलेला, मग तो फाटतो. दुसऱ्या दिवशी पातळ थराचे बारके तुकडे झाले होते, जाडाचे मोठाले. थर अगदीच पातळ असेल तर तडकतही नाही. नवी भेग जुनीला बहुधा काटकोनात जाऊन मिळते, हे मी इतकी वर्षे कोरडी डबकी पाहून कधी पाहिलेच नव्हते!

आणि जपानातली गोष्ट तर मला फारच आवडली. २००५ साली नाकाहारा आणि मात्सुओ यांनी दाखवले, की खडूसारख्या पुडीची लापशी वाळण्याआधी थोडा वेळ एकाच दिशेने हलवली, तर पुढे भेगा त्या दिशेला आडव्या पडतात. हलवणे कधीच थांबलेले असते, पण लापशीच्या ते लक्षात असते.

हे सांगताना वन्संचा चेहरा असा फुलला होता, की स्थळाचे शब्द माझ्या तोंडातच राहिले. रात्री मीच विचारले, "वन्सं, परत कधी निघताय?" त्या कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सोमवारची गाडी मिळेल का?"

सोमवारी मीच स्टँडवर सोडायला गेले. सासूबाईंना म्हटले, "त्यांना दीड वर्ष द्या. स्थळं पुन्हा येतील." लग्नाला बारा वर्षे झाली, पण त्यांना इतके उलट मी प्रथमच बोलले. चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ह्यांनी वर्तमानपत्रात डोके खुपसले, नेहमीप्रमाणे.

जाताना वन्संनी एक काम लावून दिले आहे. जाड थराच्या ताटलीत पुन्हापुन्हा पाणी घालायचे आणि वाळू द्यायचे. असे होत गेले, की काटकोन हळूहळू मोडतात आणि भेगा मधमाशीच्या पोळ्यासारख्या जुळू लागतात. काल सातव्यांदा वाळली. सासूबाई गच्चीवर वाळवण काढायला गेल्या होत्या. खाली येऊन म्हणाल्या, "तुझ्या त्या ताटलीवर कावळा बसत होता, मी चाळण झाकलीय."