टोळीतलं लोखंड

हिवाळ्यात भामरागडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात दोन तेलं शेजारी ठेवून बघा. दुकानातून आणलेलं सोयाबीनचं तेल पातळच राहतं. टोळीचं तेल मात्र पहाटेपर्यंत तुपासारखं थिजतं आणि चमच्याने खरवडून कढईत टाकावं लागतं.

टोळी म्हणजे मोहाची बी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचून होतात, मग पावसाच्या तोंडावर टोळी गोळा करायची. ती फोडायची, वाळवायची, कुटायची, वाफवायची आणि दोन लाकडांमध्ये दाबून तेल काढायचं, ही माडिया घरांतली जुनी रीत. आता बरीचशी टोळी व्यापाऱ्याकडे जाते आणि त्याच पैशांतून पाकिटातलं तेल घरी येतं.

मी इथे शाळेत विज्ञान शिकवते. आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, आमचं तेल थिजतं. ते हलकं असतं का?" हलकं म्हणजे कमी प्रतीचं. हा शब्द तिने बाजारातून आणला होता. एमएस्सीला असताना वाचलेलं एक काम मला तेव्हा आठवलं.

तेल थिजतं ते त्यातल्या मेदाम्लांच्या आकारामुळे. स्टिअरिक आम्ल म्हणजे अठरा कार्बनची सरळ साखळी. सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधली जाते, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात. हे आम्ल सुमारे 70 अंश सेल्सिअसला वितळतं. याच साखळीत नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये एक दुहेरी बंध आला की ती मधेच वाकते आणि मोळी सैल पडते. हे झालं ओलिक आम्ल. ते सुमारे 13 अंशांनाच वितळतं. टोळीच्या तेलात साधारण चाळीस ते पन्नास टक्के ओलिक असतं, आणि स्टिअरिक व पामिटिक ही दोन सरळ आम्लं मिळून जवळपास तेवढीच. म्हणून ते उन्हाळ्यात वाहतं आणि थंडीत बसतं. सोयाबीनमध्ये दोन-दोन दुहेरी बंध असलेलं लिनोलिक आम्ल जास्त, म्हणून ते थिजत नाही. यात हलकं-भारी काही नाही.

पण साखळी वाकवतं कोण? बी भरत असताना तिच्या पेशींत एक विकर काम करतं, डिसॅच्युरेज. ते साखळीतून हायड्रोजनचे दोन अणू काढून घेतं. ऐकायला सोपं वाटतं, पण कार्बन-हायड्रोजनचा हा बंध फार चिवट असतो. तो तोडायला विकर हवेतला ऑक्सिजन वापरतं, आणि त्या ऑक्सिजनला धरून कामाला लावतात लोखंडाचे दोन अणू.

हे कळलं ते एरंडामुळे. आपल्या उकिरड्याशेजारी उगवतो तोच एरंड. 1991 साली जॉन शँक्लिन आणि ख्रिस सॉमरव्हिल यांनी एरंडातल्या या विकराचं जनुक वेगळं केलं. मग ते जीवाणूंकडून तयार करून घेता येऊ लागलं. 1993 साली शँक्लिन, ब्रायन फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातलं लोखंड तपासलं, ते मोसबाउअर वर्णपटाच्या मदतीने. या पद्धतीत लोखंडाचा फक्त 57 वस्तुमानाचा प्रकार दिसतो, आणि निसर्गातल्या लोखंडात तो जेमतेम दोन टक्के. म्हणून जीवाणूंना मुद्दाम तेच लोखंड खाऊ घालतात. मग नमुना द्रव हेलियमने उणे 269 अंशांच्या आसपास थंड करून त्यावर गॅमा किरण सोडतात. किरणांचा स्रोत पुढे-मागे हलवत राहतात, वेग सेकंदाला काही मिलिमीटर, म्हणजे मुंगीपेक्षाही सावकाश. त्या वेगाने किरणांची ऊर्जा किंचित बदलते, आणि ठरावीक वेगाला लोखंड तो किरण गिळतं. कोणत्या वेगाला गिळलं, यावरून त्या लोखंडाची अवस्था कळते. एरंडाच्या विकरात लोखंडाचे अणू जोडीने आहेत आणि दोघं एकमेकांचं चुंबकत्व खोडून काढतात, असं दिसलं. त्या दोघांमधला ऑक्सिजनचा पूल सापडला रामन वर्णपटातून. 28 फेब्रुवारीला शाळेत ज्यांच्या फोटोला आपण हार घालतो, त्याच रामन यांचा हा परिणाम. पुढे 1998 साली ऑक्सिजन नुकताच लोखंडाला चिकटल्याचा क्षणही पकडला गेला. तेव्हा द्रावण निळं होतं.

वर्गात मी यातलं थोडंच सांगितलं. पण लोखंड म्हटल्यावर मुलांनी यादीच सुरू केली. दर आठवड्याला शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी, ही पहिली. रक्तातलं लोखंडही ऑक्सिजनच धरतं, पण ते त्याला जसाच्या तसा पोचवतं, मोडत नाही. धातू एकच, पण भोवतीचं प्रथिन बदललं की काम बदलतं. दुसरं नाव आलं सुरजागडचं. शेजारच्या एटापल्ली तालुक्यातला तो लोहखनिजाचा डोंगर, आणि तिथून निघणारे ट्रक मुलांनी रस्त्यावर पाहिलेले.

डोंगरातल्या लोखंडाची मोजणी टनांत होते, त्याचे नकाशे आणि करार असतात. टोळीतल्या लोखंडाचा हिशोब कुठल्याच कागदावर नसतो. ते वजनात जवळपास शून्य, आणि झाड उभं आहे तोवरच कामाचं. मोह लावला तर फळायला कित्येक वर्षं जातात, म्हणून जंगल तोडल्यावर भरपाईत लावलेलं रोपटं आजच्या झाडाची जागा घेत नाही. खाण हवी की नको याचं उत्तर माझ्या विषयाच्या पुस्तकात नाही. पण तो हिशोब मांडायला बसणाऱ्यांनी दुसऱ्या रकान्यात या झाडाचं तेल धरायला हवं.

यंदा त्या मुलीच्या घरी अर्धी टोळी विकली आणि अर्धी कुटली. सगळीच का विकली नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आजीला पाकिटातल्या तेलाची भाजी लागत नाही."