९,२०० ची काच

टॅब १३,००० चा. दोन वर्षं वापरला. आता पलंगावरून पडून स्क्रीनला आडवा तडा गेलाय. सर्व्हिस सेंटर भुसावळात नाही, जळगावला. तिथला दर ७,८००, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हातात पडेपर्यंत ९,२०० च्या वर. काउंटरवरचा मुलगा अगदी आपुलकीने म्हणाला, "सर, यात थोडे टाकून नवाच घेऊन टाका ना."

त्या मुलाचा दोष नाही. पण हा दर दुरुस्ती व्हावी म्हणून ठरवलाय, की दुरुस्ती होऊ नये म्हणून?

आधी एक गोष्ट समजून घ्या, निम्मे लोक इथेच अडकतात. स्क्रीन म्हणजे एक वस्तू नाही. वर काच, तिच्या खाली टच, त्याखाली चित्र दाखवणारा डिस्प्ले. चित्र स्वच्छ दिसतंय आणि बोट सगळीकडे चालतंय, तर बहुतेक वेळा नुसती काच गेलेली असते. काळे डाग आणि उभ्या रेषा आल्या की डिस्प्ले गेला. पूर्वीच्या साध्या टॅबमध्ये टचची काच वेगळी निघायची. आता बऱ्याच मॉडेलमध्ये तिन्ही थर गोंदाने एकजीव केलेले असतात. टॅब पातळ होतो, चित्र झकास दिसतं, पण काच फुटली की कंपनी अख्खा 'फोल्डर'च बदलते. काचेसाठी चांगला डिस्प्ले भंगारात.

गोलाणी मार्केटमधल्या कारागिराने टॅब तिरका धरला, चारी कोपऱ्यांपर्यंत बोटाने रेघ ओढली.

"भाऊ, डिस्प्ले जिवंत आहे तुमचा. नुसती काच बदलतो, १,८०० घेईन. पण गरम करून काढताना डिस्प्ले गेला तर माझ्या नावाने बोंबलू नका, आधीच सांगतो. मग कॉपी फोल्डर टाकावा लागेल, ३,५०० चा. रंग जरा फिका येतो."

"कंपनीचा फोल्डर टाका ना."

"आम्हाला देतात कुठं भाऊ?"

सगळी गोम या एका वाक्यात आहे. कसब जळगावात आहे, मशीन आहे, गिऱ्हाईक आहे. नाहीये तो सुटा भाग.

आपलं गाव तर दुरुस्तीवर जगणारं. रेल्वेच्या इथल्या विद्युत इंजिन कारखान्यात ठराविक मुदतीने अख्खं इंजिन उघडतात, झिजलेलं बदलतात, पुन्हा रुळावर सोडतात. काच फुटली म्हणून इंजिन भंगारात काढा, असं तिथे म्हणून बघा!

सरकारला हे कळत नाही असंही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. पुढे मोबाइल-टॅब किती दुरुस्त होण्याजोगा आहे हे सांगणाऱ्या निर्देशांकासाठी आणखी एक समिती. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. सुटे भाग मिळतात का, केवढ्याला, उघडायला किती सोपं, अपडेट किती वर्षं, यावर गुण द्यायचे आणि ते ग्राहकाला खरेदीच्या वेळीच दिसायचे. कल्पना उत्तम. युरोपात मात्र २० जून २०२५ पासून नियमच लागू झाला: मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं स्क्रीनसारखे भाग मिळाले पाहिजेत, आणि त्यांचे दर उघड असले पाहिजेत. तिथे विकणाऱ्या कंपन्या इथेही विकतात.

हे फक्त माझ्या घरचं नाही. महाज्योतीच्या योजनेतून ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई-नीट-सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब मिळतात. चांगली योजना आहे. पण केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बापाच्या पोरीचा टॅब फुटला, तर ९,२०० कुठून आणायचे? मोफत टॅबलाही काच असतेच की.

नवा घ्यायचाच नाही असा माझा हट्ट नाही. बॅटरी फुगली असेल, अपडेट बंद झाले असतील, तर काचेवर पैसे घालू नका. आपल्या ४५ अंशांत बॅटरीचे हाल होतात, ते आधी तपासा. आमच्या टॅबची पाठ सपाट आहे, अपडेट येतंय. पोरगी बारावीला, मेमध्ये नीट, दोन वर्षांच्या नोट्स त्यातच. सध्या काचेवर सेलोटेप लावून लिहितेय, तरी बोटाला कण टोचतात.

नोट्स पेनड्राइव्हवर उतरवून टॅब १,८०० च्या कामाला दिलाय. परवा मिळेल. डिस्प्ले गेला तर ३,५००, तेवढी तयारी ठेवलीय.

एक काम करा. गेल्या वर्षभरात टॅबची किंवा मोबाइलची स्क्रीन बदलली असेल तर मॉडेल, घेतलेली किंमत, कंपनीने सांगितलेला दर आणि बाजारातला दर, एवढं खाली लिहा. भुसावळ, यावल, रावेर, मुक्ताईनगर, कुठलंही चालेल. यादी करून विभागाच्या पोर्टलवर टाकणार आहे आणि बातमीही करणार आहे. बिलाचा फोटो असेल तर उत्तम, फक्त त्यावरचा मोबाइल नंबर झाकून टाका.