हाताने नेलं, मग टपालहशील कशाचं?

वाचक मंडळी, लिलाव म्हटला की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय येतं? कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग, व्यापाऱ्यांचा घोळका आणि क्विंटलमागे पाच-दहा रुपयांनी चढणारी बोली. मलाही तेवढाच लिलाव ठाऊक होता. पण २०२२ च्या पावसाळ्यात सुनेच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडात लेस्टरला गेले आणि तिथे घरबसल्या फोनवर चालणारा लिलाव पाहिला. त्या लिलावापायी झालेलं भांडणही पाहिलं. भांडण होतं पंधरा पौंडांचं, पण त्याने मला माझीच एक चूक दाखवली. ती आज तुमच्यापुढे मांडते.

नातीसाठी झबली, दुपटी शिवावीत असं माझ्या मनात होतं. माझ्या आईकडे हाताने फिरवायचं सिंगरचं शिवणयंत्र होतं. तसलंच जुनं यंत्र मुलाने फोनवर शोधलं. या लिलावाची रीत अशी असते. विकणारा वस्तूचा फोटो टाकतो आणि मुदत ठरवून देतो. घेणारे आपापल्या घरून बोली लावतात. मुदत संपते त्या वेळी ज्याची बोली वर, त्याची वस्तू. अशा बाजारांतला सर्वांत नावाजलेला ईबे. तो १९९५ साली अमेरिकेत निघाला. आपल्या देशातही त्याचं दुकान होतं, ते २०१८ साली बंद झालं.

यंत्र एकवीस पौंडांना आमच्या नावावर पडलं. खाली टपालहशील पंधरा पौंड लिहिलेलं होतं. मुलाने छत्तीस पौंड भरून टाकले. मग पत्ता पाहतो तर विकणारा चार मैलांवर राहणारा! तो म्हणाला, “आई, आपणच जाऊन आणू. टपालाचे पैसे वाचतील.” पंधरा पौंड म्हणजे आपले चौदाशेच्या आसपास रुपये. मलाही ते पटलं.

दारात एक म्हातारबुवा उभे होते. यंत्र खोक्यात घालून, चहूबाजूंनी चिकटपट्टी मारून तयार ठेवलेलं. मुलाने टपालाचे पैसे परत मागितले. बुवा म्हणाले, “बोली लावताना हशील लिहिलेलंच होतं. ते तुम्ही कबूल केलंत.” मुलगा म्हणाला, “जे टपालात टाकलंच नाही, त्याचं हशील कसलं?” शब्दाला शब्द वाढला. दोघांचे चेहरे लाल झाले. मला इंग्रजी येत नाही, पण भांडण कळायला भाषा कशाला लागते?

मी मुलाला म्हटलं, “त्यांचं म्हणणं काय आहे, ते मला नीट सांग बरं.” तेव्हा बुवांची बाजू बाहेर आली. त्या वेळी तिथला लिलाववाला विकणाऱ्याकडून शेकडा १२.८ दलाली कापून घ्यायचा आणि ती टपालहशिलासकट सगळ्या रकमेवर. म्हणजे पंधरा पौंड रोख परत केले, तर त्यांवर कापलेले जवळजवळ दोन पौंड बुवांच्या खिशातून जाणार. खोकं आणि आतलं भरणसामान यांना तीन पौंड पडलेले. शिवाय त्यांना आणखी एक धास्ती होती. टपालात टाकलं की पावती मिळते. हातोहात दिलं आणि उद्या घेणारा म्हणाला, “वस्तू मिळालीच नाही,” तर पुरावा कुठला?

खरं सांगते, तोवर मी मुलाच्याच बाजूने होते. कारण असला वाद आमच्या घरात जुना आहे. मालकांनी स्वतः पोतं उतरवायचं आणि पट्टीत मात्र हमाली कापलेली दिसायची. वजन काट्यावर व्हायचं, तरी तोलाई कापायची. “जे काम झालंच नाही, त्याचे पैसे का?” म्हणून ते कितीदा भांडून आले आहेत. पुढे एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाईच्या याच वादावरून नाशिक जिल्ह्यातले कांदा लिलाव बंद पडले, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

पण त्या दारात उभी असताना मला एकदम आमच्या बचत गटाची आठवण झाली आणि माझी मान खाली गेली.

आम्ही दहाजणी उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे करतो आणि फोनवर मागणी घेऊन कुरिअरने पाठवतो. त्याच वर्षीच्या एप्रिलात नाशिकच्या एका बाईंनी चार किलो कुरडया मागवल्या. कुरिअरचे एकशे चाळीस रुपये धरून त्यांनी सगळे पैसे आधीच भरले. दोन दिवसांनी त्या लग्नाला म्हणून आमच्याच गावी आल्या आणि घरी येऊन माल घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “ताई, कुरिअरचे तेवढे परत द्याल ना?” मी म्हटलं, “खोकं भरून झालंय हो. हिशेबही वहीत चढलाय.” त्या काही न बोलता गेल्या. गटातल्या बायांनी मला शाबासकी दिली. मीही मनात खूश झाले. हमाली कापली की आम्ही बोंब मारणार आणि न पाठवलेल्या कुरिअरचे पैसे खुशाल ठेवून घेणार! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय?

मी मुलाला म्हटलं, “त्यांना सांग, खोक्याचे तीन पौंड तुमचे. दलालीचे दोनही तुमचे. राहिलेले दहा परत द्या. आणि यंत्र पोचल्याची पोच तू आत्ता, त्यांच्यासमोर, लिहून दे.” मुलाने पोच लिहून सही केली. बुवांनी कागद दोनदा वाचला, आत जाऊन दहाची नोट आणली आणि यंत्र स्वतः आमच्या गाडीपर्यंत उचलून दिलं. वर तेलाची बाटलीही दिली. ती बोलीत नव्हती.

गावी परतल्यावर पहिलं काम केलं ते नाशिकच्या बाईंना फोन करण्याचं. खोक्याचे वीस रुपये ठेवून एकशे वीस रुपये परत पाठवले. त्या “बरं” एवढंच म्हणाल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची मागणी आली नाही. चार किलोंचं गिऱ्हाईक मी एकशे चाळीस रुपयांसाठी घालवलं होतं आणि ते पैसे परत केल्याने परत येत नाही, हेही शिकले.

मंडळी, आता आपल्या गावागावांतून लोणची, हळद, गूळ, आंबे फोनवर विकले जातात आणि आपणही जुने पंप, फवारे, गाड्यांचे भाग तसेच विकत घेतो. म्हणून दोन शब्द सांगते. पैसे भरण्याआधी विचारा, “मी येऊन नेलं तर हशील कमी कराल का?” विकणाऱ्याने मालाची किंमत, बांधणीचा खर्च आणि वाहतूक वेगवेगळी लिहावी. आपल्याकडच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही एकूण किमतीबरोबर टपाल, बांधणी आणि पोचवणीचे आकार फोड करून दाखवा, असंच सांगितलं आहे. दुकानदाराशी वाद मिटलाच नाही तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि हातोहात माल घेतलात तर समोरच्याला पोच लिहून द्या. विश्वास त्यालाही हवा असतो.

गटाच्या वहीत आम्ही आता एक नवा रकाना आखला आहे: “स्वतः नेणार की पाठवायचं?” तो भरल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, असं ठरलं आहे. नाशिकच्या बाईंचा दोन वर्षांनी पुन्हा फोन आला. दोन किलो कुरडया हव्या होत्या. म्हणाल्या, “मी येऊन नेईन, कुरिअर धरू नका.” मी म्हटलं, “नाही धरत, बाई. या तुम्ही, चहाच ठेवते.”